आठ नंबरचा पाना

आजोबांचं जहाज दर रविवारी चारच्या चहानंतर सुटायचं. पाय स्टुलावर, बशी पोटावर आणि समोर फरशीवर पालथी पडलेली नात, एवढ्या तयारीवर ते समुद्र गाठायचे. विमानवाहू जहाजावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. ते सोडून तिपटीने वर्षं उलटली, तरी आजोबा अजून जमिनीला लागलेले नाहीत, असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

जहाज कसलं, चालतंबोलतं गावच होतं ते. आत एवढ्या गल्ल्या आणि एवढे उभे जिने, की नवा माणूस जेवायला म्हणून निघायचा आणि इंजिनखोलीत जाऊन पोचायचा. झोपायच्या फळ्या एकावर एक तीन. सगळ्यात वरच्या फळीवर आजोबा आणि त्यांच्या नाकावर जेमतेम हातभर अंतरावर छत. त्या छतावर विमानं उतरायची. विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला, की असा दणका बसायचा की खाली मगातला चहा हिंदकळायचा. आजोबा त्या दणक्यात गाढ झोपत. पुढे घरी आल्यावर शांततेमुळे त्यांना महिनाभर झोप लागली नव्हती. पहाटे भट्टीतून येणारा पावाचा वास, डेकवर रॉकेलसारखा दरवळणारा इंधनाचा वास, अंगातला सदरा पळवून नेणारा वारा, हे सगळं ते इतकं रंगवून सांगत, की आजीही भाजी निवडता निवडता हात थांबवायची.

पण नातीची आवडती गोष्ट एकच. वेंधळ्याची.

"आधी फळा सांगा," ती म्हणायची.

मग आजोबा फळा सांगायचे. विमानं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात भिंतीवर एक मोठा निळा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. हत्यार घ्यायचं, तर त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लावायचा. काम झालं की हत्यार परत, बिल्ला परत. उड्डाणाच्या आधी उस्ताद फळ्यासमोर उभा राहायचा. एक जरी काळी आकृती उघडी दिसली, तरी एकही विमान हलायचं नाही. कारण विमानात विसरलेला एवढासा पाना इंजिनाने ओढून घेतला, तर इंजिनाचा चुरा आणि आत बसलेल्या माणसाचंही काही खरं नाही.

"आणि एके दिवशी," आजोबा आवाज खाली आणायचे, "आठ नंबरच्या पान्याची जागा रिकामी! तिथे बिल्ला कुठला? अठ्ठावीस. सगळं जहाज थांबलं. उस्तादाचा चेहरा लालबुंद. म्हणाला, हा अठ्ठावीस नंबर कोणाचा? आणि आपला वेंधळ्या पुढे येऊन म्हणतो कसा..."

"माझाच आहे साहेब, पण मी नाही!" नात ओरडायची आणि हसून लोळायची.

घरात ती म्हणच पडली होती. कप फुटला, दिवा चालू राहिला, नळ गळला, की कोणी ना कोणी हात वर करून म्हणायचं, माझाच आहे साहेब, पण मी नाही. आजोबा सगळ्यांत मोठ्याने हसायचे. त्या हसण्याखाली काय पुरलंय हे त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं, आणि इतक्या रविवारांनंतर त्यांनाही ते रोज आठवत नव्हतं.

मग एका गुरुवारी पेपरात बातमी आली की ते जहाज मोडीत निघालं. आजोबा दिवसभर घुम्यासारखे बसून राहिले. संध्याकाळी फोन वाजला.

"लेका, ओळखलंस का? पक्का बोलतोय."

आजोबांनी ओळखलं. पक्का म्हणजे अठ्ठावीस नंबर. त्यांच्या खालच्या फळीवर झोपणारा, जेवणाच्या रांगेत त्यांची जागा धरणारा, त्यांना घरची पत्रं लिहायला शुद्धलेखन सांगणारा. कामात असा चोख, की सगळ्या वर्कशॉपाने त्याचं नाव पक्का ठेवलं होतं. वेंधळ्या हे नाव त्या दिवसानंतरचं. आणि ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, हे आजोबा गोष्टीत कधी सांगत नसत.

"मुलीकडे आलोय, तुझ्याच शहरात. बातमी वाचली आणि राहवेना. रविवारी येऊ?"

नाही कसं म्हणणार? शनिवारी आजोबांनी नातीला मैत्रिणीकडे जायचं सुचवून पाहिलं. ती कसली जाते! जहाजावरचा खराखुरा माणूस घरी येणार होता. तिला बजावून ठेवावं, तर काय सांगून? आजोबांना कारण सापडेना. खरं कारण सोडून.

रविवारी बरोबर चारला पक्का आला. वाळलेला, इस्त्रीचा सदरा, खिशात छोटी वही. दारात चपला काढल्यावर त्याने एकेका खिशावर हात मारला आणि पुटपुटला, "किल्ली, चष्मा, पाकीट." मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. त्यानंतरच तो आत आला आणि आजोबांना त्याने घट्ट मिठी मारली.

पहिला तास फार सुखाचा गेला. कोण कोण गेले, कोण उरले, उस्तादाच्या घोरण्याने भिंत कशी हलायची, डेकवर उन्हात बूट कसे चिकटायचे. "पावाचा वास आठवतो?" पक्क्याने विचारलं, आणि दोघाही म्हाताऱ्यांनी डोळे मिटून नाकाने मोठा श्वास घेतला. आजोबांना वाटलं, निभावलं. एवढ्यावर निभावलं तर बरं.

"तुम्ही वेंधळ्याला ओळखायचात का हो?" नातीने विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण तिचं लक्ष पाहुण्याकडे होतं. पक्का हसला.

"मीच तो."

"खरंच?" नात उडालीच. "माझाच आहे साहेब, पण मी नाही! तुम्हीच?"

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं आजोबांना वाटलं. फरशी जिथल्या तिथे होती.

"तसंच म्हणालो होतो मी," पक्का म्हणाला. त्याने कप बशीत नीट मधोमध ठेवला. "अगदी शब्द न् शब्द. तुझ्या आजोबांच्या बरं लक्षात राहिलं."

"मग पाना कुठे ठेवला होतात?"

"तेच तर आठवत नाही, बाळ. घेतलेलाच आठवत नाही. पहिल्या दिवशी मी छातीठोकपणे नाही म्हणत होतो. पण बिल्ला तर माझाच. सगळे तो दाखवत होते. दुसऱ्या दिवसापर्यंत मलाच वाटायला लागलं, घेतला असेन. विसरलो असेन." तो आजीकडे वळला. "वहिनी, त्यानंतर माझा माझ्यावर विश्वासच राहिला नाही. हुद्दा गेला, पगार उतरला, त्याचं काही नाही. मला दोरांच्या कोठारात टाकलं, तेही ठीक. पण बाहेर आल्यावर विमानांच्याच कारखान्यात चांगलं काम मिळत होतं, तिथे मी गेलो नाही. कापडाच्या गोदामावर राहिलो. कापडात काही विसरलं तरी कोणी मरत नाही ना."

"अहो भावजी, एका पान्यापायी?" आजी म्हणाली.

"नातवाला कधी एकट्याने बागेत नेलं नाही मी. कुठे बाकावर विसरून आलो तर? मुलगी चिडते. ही वही बघा, सगळं लिहून ठेवतो. आता मंगळवारी ती मला डॉक्टरकडे नेतेय, विसरण्याचा आजार आहे का बघायला. मी तिला सांगितलं, अगं, आजचा नाही हा. जहाजावरच सुरू झालाय."

तो हे हसत हसत सांगत होता. आजोबांना ते हसणं सोसवेना. इतकी वर्षं ते समजत होते, पक्क्याचा एक हुद्दा गेला, चार दिवस चेष्टा झाली, संपलं. मनाची समजूत घालायला ते पुरेसं होतं. आपण माणसाचं काय काढून घेतलं, हे त्यांना आत्ता कळत होतं, स्वतःच्या बैठकीत, स्वतःच्या नातीसमोर. मंगळवारी तो डॉक्टरला ते खोटं आपल्या तोंडाने सांगणार होता.

"तू विसरला नव्हतास," आजोबा म्हणाले.

"काय?"

"पाना मी घेतला होता."

आजोबांनी पाय स्टुलावरून खाली घेतले. नातीकडे न बघता ते बोलत राहिले. पाना त्यांनी घेतला होता, त्या जागी स्वतःचा सत्तावीस नंबरचा बिल्लाही लावला होता. उड्डाणाच्या आधी खिसे चाचपले तर पाना नाही. वर्कशॉपात त्या घटकेला कोणी नव्हतं. पक्का हात धुवायला गेला होता आणि त्याच्या बिल्ल्यांची माळ टेबलावर पडली होती. आठ दिवसांनी आजोबांचं लग्न होतं, रजा मंजूर होती, आणि हत्यार हरवणाऱ्याची रजा पहिली रद्द व्हायची. आपला बिल्ला काढून तिथे त्याचा लावायला कितीसा वेळ लागतो?

"संध्याकाळी कपडे उतरवताना सापडला," ते म्हणाले. "मांडीचा खिसा आतून उसवला होता. तिथून अस्तरात उतरला होता. अंगावरच होता माझ्या सगळा वेळ."

"मग दिला का नाहीस?" पक्क्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तोवर तुझं नाव गेलं होतं वर. घाबरलो. समुद्रात टाकला."

"पण दुसऱ्या दिवशीही शोध चाललाच होता! चारशे माणसं रांग धरून, खांद्याला खांदा लावून, खाली बघत अख्खा डेक चाललो आपण. दोन विमानांची इंजिनं उघडली." पक्क्याने आजोबांकडे रोखून पाहिलं. "तू माझ्या शेजारी होतास."

"हो."

"खाली बघत चालत होतास."

"हो."

"आणि संध्याकाळी जेवताना मला वेंधळ्या म्हणालास. सगळे हसले."

आजोबांनी मान खाली घातली.

बोलली ती आजी. "माझ्या लग्नाचं नाव पुढे करू नका," ती म्हणाली. तिचे हात भाजीच्या ताटात तसेच राहिले होते. "महिनाभर पुढे ढकललं असतं, तर मी काय पळून जाणार होते? विचारलं असतंत तर थांबले असते मी. आणि वर दर रविवारी हसवलंत आम्हाला. मीही हसले." ती उठून आत गेली.

नात पाहुण्याकडे सरकली. "मला माहीत नव्हतं," ती त्याला म्हणाली. "नाही तर मी नसते हसले."

"तुझं काय चुकलं गं?" पक्का म्हणाला. मग कितीतरी वेळ तो स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत बसला. "म्हणजे नाही म्हणत होतो ते खरं होतं," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "पहिल्या दिवशी मी बरोबर होतो."

त्याने वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेनासकट आजोबांपुढे धरली.

"लिही. मी लिहिलं तर मुलगी म्हणेल, बाबांच्या मनाचे खेळ. तुझ्या अक्षरात पाहिजे."

आजोबांनी लिहिलं. आठ नंबरचा पाना मी घेतला होता. याचा बिल्ला मी लावला. हा काही विसरला नव्हता. खाली सही केली आणि सहीखाली सत्तावीस नंबर. शेवटची ओळ वाचता येण्यासारखी नव्हती म्हणून पक्क्याने ती पुन्हा लिहायला लावली, आणि आजोबांनी शाळेतल्या मुलासारखी ती पुन्हा लिहिली.

"मला माफ कर, असं म्हणायचं होतं," आजोबा म्हणाले.

"आज नको म्हणूस," पक्का म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. "आज मला एवढंच घेऊन जाऊ दे."

वही खिशात घालून तो उठला. आजोबा दारापर्यंत गेले. पक्क्याने चपला घातल्या. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने आजोबांकडे पाहिलं, काहीतरी ठरवल्यासारखा हात खाली सोडला, आणि तसाच जिना उतरायला लागला. आजोबांना वाटलं, निदान एवढं तरी परत दिलं आपण.

पाच-सहा पायऱ्यांनंतर पावलं थांबली. जिन्यात पुटपुटणं ऐकू आलं, किल्ली, चष्मा, पाकीट. पुन्हा एकदा. मग पावलं वर आली. पक्का दारात उभा राहिला, ओशाळलेला. ओशाळायचं कोणी आणि ओशाळला कोण!

"माझं इथे काही राहिलं नाही ना रे?" त्याने विचारलं. "सगळं आहे खिशात. पण एकदा बघतोस?"

नाही, काही राहिलं नाही, असं आजोबांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. ते आत वळले, भिंतीपाशी गेले आणि कमरेत वाकून, एकेका फरशीवर नजर ठेवत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. थोड्या वेळाने नात त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही खाली बघत चालू लागली. पक्का दारातून दोघांकडे लक्ष ठेवून होता.