ताईंची सुरी थांबते तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. एका सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला बनवले आणि माझे सगळे आयुष्य एका लेखकाच्या स्वयंपाकघरात गेले.

हे लेखक नाटके लिहीत, रहस्यकथा लिहीत, मुलांसाठी गाणीसुद्धा लिहीत. काहीही लिहिले, तरी छापायला देण्याआधी ते माझ्यावर बसून ताईंना वाचून दाखवत. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून भाजी चिरत. चिरता चिरता सुरी थांबली, की पान पास. सुरी चालूच राहिली, की पान केराच्या टोपलीत. एवढ्यावर लेखकांनी नाव कमावले. एकदा माझाही फोटो वर्तमानपत्रात आला. लेखक बसलेले असल्यामुळे माझे फक्त पाय दिसले.

मग त्यांची दोन पुस्तके लागोपाठ सपशेल पडली. ताईंची सुरी तर पानोपानी थांबली होती. लेखक धुसफुसू लागले. नव्या नाटकाचे बाड तयार होते, पण ते छापावे की लिहिणेच सोडून द्यावे, हे त्यांना ठरवता येईना.

अशात एक पत्रकार बाई मुलाखतीला आल्या. त्यांनी बराच वेळ बेल वाजवली. ताई दारालगतच होत्या, तरी शेवटी लेखकांनाच आतून यावे लागले.

“आजच्या साहित्याबद्दल काय वाटतं?” स्वयंपाकघरात बसल्यावर बाईंनी विचारले.

“लिहिणाऱ्यांना नुसती घाई. आणि वाचणाऱ्यांना बरं-वाईट कळेनासं झालंय.”

“ताई, तुम्हाला काय वाटतं?”

ताई ओट्याशी पाठमोऱ्या भाजी चिरत राहिल्या. बाईंनी पुन्हा विचारले. जरा वेळाने ताईंनी, भाऊ काहीतरी वाचत असेल अशा अंदाजाने, सुरी थांबवली आणि मान डोलावली.

लेखकांचा चेहरा पडला. ती दोन पुस्तके कशी पास झाली, हे त्यांना कळले.

“माझं मघाचं वाक्य खोडा,” ते म्हणाले.

“मग काय लिहू?”

“लिहा, मी अजून नीट वाचलेलं नाही.”

बाई गेल्यावर त्यांनी मला ओट्याजवळ ओढले, ताईंना तोंड दिसेल असे बसले आणि नाटक मोठ्याने वाचू लागले. थोड्या वेळाने ते थांबले.

“ऐकू येत नाही, हे सांगितलं का नाहीस?”

“तू वाचून दाखवायचं बंद केलं असतंस,” ताई म्हणाल्या. “आणि हे पान काही जमलं नाही बघ. रटाळ झालंय.”

लेखकांनी पान फाडले. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला वर्षातून एकदा पुसलेत तरी चालेल. पण तुमचे म्हणणे रोज ऐकून घेणारे माणूस घरात असेल, तर त्याला ते ऐकू येते ना, हे अधूनमधून विचारत जा.