रायफलची नवी मूठ

तिचं मोडलेलं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळेना. रायफलच्या मूळच्या मुठीभोवती अंगठा पुरत नव्हता आणि ट्रिगरवर बोट तिरकं पडत होतं.

"बाई, हात काही बदलता येत नाही," मास्तर म्हणाले. "मूठ बदला."

नेमबाजीच्या क्लबात प्रशिक्षकांना सगळे मास्तरच म्हणत. ते नियमाचे पक्के होते. दुखापतीनंतर प्रत्येकाने दहा गोळ्यांची चाचणी द्यायची. जमली तर सकाळच्या सरावातली जागा राहते, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते.

प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून तिची वाट बघणारी तेवढी एकच जागा होती. एखाद्या सकाळी ती गेली नाही, की मास्तरांचा फोन यायचा, "काय, आज दांडी?" दुसरं कुणी विचारत नसे.

दुसऱ्या कंपनीची मूठ आली. लाकडाची, मुद्दाम जरा बारीक कोरलेली, म्हणजे वर पुट्टी चढवून ती ज्याच्या त्याच्या हाताला बसवता यावी. तिने रायफलचा गोळी आत सरकवणारा बोल्ट काढून कपाटात ठेवला, रायफल रिकामी असल्याचं पुन्हा पाहिलं, जुन्या मुठीचा स्क्रू खालून सोडवला आणि नवी मूठ लावली. ती जराही हलली नाही. इथवरचं काम एकटीला जमण्यासारखं होतं.

पुढचं तसं नव्हतं. पुट्टी ओली असताना नेम धरतो तसं पालथं झोपायचं, डोळे मिटायचे, हात सैल ठेवून मूठ धरायची आणि पुट्टी घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बोट ट्रिगरवर सरळ आहे का, ते बाजूने दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

तिने नेमबाजीचं जाड जॅकेट चढवलं, पुट्टी चिकटू नये म्हणून तळव्याला तेल चोळलं आणि पुस्तकांना टेकवून ठेवलेल्या फोनवरून मोठ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं बाई! जमिनीवर काय करतेयस? पुन्हा पडलीस की काय?"

"पडले नाही, झोपलेय. ताई, तू फक्त माझ्या बोटाकडे बघ."

"बोटाकडे काय बघायचंय? बंदूक कुणावर रोखलीयस ते सांग आधी. शेजाऱ्यांवर?"

"भिंतीवर. रिकामी आहे. बोट सरळ आहे का?"

"आहे. तुझ्या नाकापेक्षा तरी सरळ आहे."

ती हसली आणि लगेच स्थिर झाली. ताई बोलत राहिली. सुनेची नवी नोकरी, स्वतःचा गुडघा, गळका नळ. मध्येच "चिमे, बोट!" म्हणून ओरडायची, लहानपणी अक्षर गिरवून घेताना पाठीमागून ओरडायची, तशीच. डोळे मिटून ऐकताना ताई खोलीतच बसली आहे असं वाटत होतं.

"आणि हो, यंदा काही तुझ्याकडे यायला जमायचं नाही हं. पुढच्या वर्षी बघू."

आतल्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवून झालं होतं. नवी चादरही घातली होती.

"बरं," ती म्हणाली.

"बोट सरळ आहे गं," ताई म्हणाली.

चाचणीच्या दिवशी पहिल्या तीन गोळ्या ठीक गेल्या. पण हात सैल सोडला की मूठ तळव्यात डुगडुगायची. आवळली तरच नीट बसायची. आवळून आवळून हात थरथरू लागला आणि उरलेल्या गोळ्या उजवीकडे विखुरल्या. मास्तरांनी रायफल रिकामी करून घेतली आणि मूठ उजेडात धरली. बोटांचे खड्डे खोल उमटले होते.

"हे बसवताना कुणाशी भांडत होतात?"

"भांडत नव्हते. बहिणीशी बोलत होते."

"तेच ते. बोट जागेवर आहे, पण हात आवळलेला आहे. अहो, पुट्टी सगळं ऐकते." त्यांनी रायफल परत दिली. "महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यापुढे माझाही इलाज नाही."

वाळलेली पुट्टी दगडासारखी झाली होती. संध्याकाळी बसून तिने ती कानशीने घासून काढली आणि नवी मळली. या वेळी फोन स्वयंपाकघरातच राहू दिला. न्हाणीघरातला आरसा काढून खुर्चीला टेकवला. डोळे मिटून मूठ धरली, मग मान न हलवता डोळे उघडून आरशात बोट पाहिलं. सरळ होतं. पुन्हा डोळे मिटले. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. हात आपोआप सैल पडला. आवळावं असं काही त्याच्या कानावर पडत नव्हतं.

आरशाने पहिल्या वेळीही काम भागलं असतं. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या चाचणीत दहाही गोळ्यांची भोकं बाटलीच्या एका झाकणाखाली झाकली गेली असती. मास्तरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "जागा तुमची. उद्या दांडी नको."

आठवड्याने ताईचा फोन आला.

"काय गं, तुझ्या त्या मुठीचं काय झालं?"

"बसली."

"नीट?"

"अगदी नीट."

"बघ! मी नजर ठेवून होते म्हणून. एकटीला जमलं असतं का तुला?"

"नसतं जमलं," ती म्हणाली.