चौघांच्या जागा

"सर, आपल्या हॉस्टेलची घंटा कुठंय?"

आलोकनं चपला काढता काढता हेच विचारलं. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी. बारा वर्षांनी माझ्या नांदेडच्या घरी आलेला पोरगा, केस खांद्यापर्यंत, हातात कडं. बापानं डॉक्टर व्हायला पाठवला होता, झाला काय बघा! मागं राघवेंद्र, आनंदराज आणि उदगीरचा नागप्पा. चौघंही लातूरच्या आमच्या हॉस्टेलचे. मी तिथं सात वर्षं रेक्टर होतो. आता यांचा रॉक बँड होता म्हणे. पुण्या-हैदराबादेत लोक तिकीट काढून ऐकायला येतात.

"घंटा कशाला पाहिजे रे?"

"रविवारी नांदेडात आमचा पहिला कार्यक्रम हाय, सर. पहिला टोला रामकिशनमामांनी द्यायचा. परवा एका पेपरवाल्यानं विचारलं, तुम्हाला संगीताचं वेड कुठं लागलं? वेगवेगळं बसवून विचारलं, तरी चौघांनी एकच सांगितलं. रामकिशनमामाची घंटा."

बायकोनं पोरांसाठी पाणी आणलं होतं. त्यातला पहिला पेला मीच पिऊन टाकला.

घंटा म्हणजे काय, तर रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, जिन्याखाली साखळीनं टांगलेला. लातूर पॅटर्नचे दिवस. दहावीचा निकाल लागला की अख्ख्या मराठवाड्यातून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. पहाटे पावणेपाचला उठवायचं, क्लासला हाकायचं, जेवायला बसवायचं, पुन्हा अभ्यासाला. सगळं त्या घंटेवर. आणि ती वाजवायला रामकिशन. पन्नाशीचा, बुटका, अंगावर खाकी शर्ट. तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात अशा थाटात वावरायचा.

पण या बाबाला सरळ वाजवता यायचं नाही. एक टोला द्यायचा आणि थांबायचा. चार ठोक्यांएवढी जागा सोडायचा, मग पुन्हा टोला. शंभर पोरांनी त्यावर कूस बदलली असेल. या चौघांना मात्र ती रिकामी जागा चावायला लागली. आधी आलोकनं तिथं बादली वाजवली. मग राघवेंद्रानं ताट, आनंदराजनं खाटेची लोखंडी दांडी. नागप्पाला वाजवायला काही उरलं नाही, तर तो नुसता गळ्यातून हुंकार द्यायचा. महिन्याभरात अशी गत, की पावणेपाचला तिसरा मजला घुमायचा आणि आंघोळीची रांग डुलायची.

मी रामकिशनला झापलं. "घंटा वाजवायला ठेवलंय तुला, वरातीला नाही!"

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलला.

"सर, आमची बँडपार्टी होती. पाच जण. मोठा ढोल माज्याकडं. मी ठोका द्यायचा, मग चौघांनी उचलायचं. त्र्याण्णवच्या विसर्जनाला लातुरात वाजवलं न् ढोलाचं कातडं फाटलं. म्या म्हनलं, तुमी व्हा पुढं गावाकडं, मी कातडं चढवून उद्या येतो. ते निगत न्हवते, सर. म्हनायचे, संगंच जाऊ. म्याच ढकलून टेम्पोत बसवलं त्येंला." त्यानं हातातली सळई खाली ठेवली. "पहाटं भुई हालली. दिस उगवल्यावर गेलो, तर गावच न्हाई. माजी बायकू भामाबाई माहेराला होती, म्हून वाचली. तवापासून मी त्या चौघांच्या जागा सोडून वाजवतो. सात वर्सं मोकळ्या होत्या. आता ही लेकरं भरून राहिलेत."

हे सांगताना तो हसला. मी त्याला हसताना तेवढंच पाहिलं.

त्यानंतर मी त्याला झापलं नाही. पण डिसेंबरच्या परीक्षेत आलोकला फिजिक्समध्ये पन्नासपैकी अकरा पडले. त्याचे वडील आले, ऑफिसात टेबल बडवून गेले. संस्थेनं मला कारण विचारलं. मी माझ्या हातानं लिहून दिलं, 'घंटेमुळे मुलांचे लक्ष विचलित होते.' आठ दिवसांत विजेची बेल आली. कर्रर्र करून वाजायची, एका दमात, कुठंही न थांबता.

रामकिशनला टाकीवर लावलं, पाणी भरायला. तो माझ्याकडं आला. "सर, पहाटंचा टोला तेवढा ऱ्हाऊ द्या. त्या येळेला मला तसाबी डोळा लागत न्हाई."

"तसं जमत नाही, रामकिशन."

"मग त्यो रूळ तरी द्या. गावाकडं दारात टांगतो."

"बघू," मी म्हटलं. माणूस दारातून हलावा म्हणून म्हणतात, तसं.

महिन्याभरानं तो नोकरी सोडून गेला. उन्हाळ्यात मोडक्या खाटांबरोबर रूळही भंगारात गेला. यादीवर सही माझीच.

"घंटा संस्थेनं काढून टाकली," मी आलोकला एवढंच सांगितलं.

"जाऊ द्या. मामा तर हायत ना! तुम्हीच चला त्यांचं गाव दाखवायला."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीतून गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. भूकंपानंतर नवं वसवलेलं गाव, सगळी घरं एका मापाची. तीनदा विचारत गेलो तेव्हा दार सापडलं. भामाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. मी ओळख करून दिली, पोरांची नावं सांगितली.

"ते न्हाईत आता," ती म्हणाली. "गेल्या पोळ्याला तीन वर्सं झाली."

पोरं उभीच राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, साधंच. "रूळ आनला का, सर?"

तिनं वर बोट दाखवलं. ओट्याच्या वाशाला लोखंडी आकडा ठोकलेला होता. "सर बघू म्हनलेत, म्हून आल्या आल्या ठोकला त्येंनी. त्याला काई अडकवू द्यायचे न्हाईत. रस्त्यावर गाडी वाजली की बघून यायचे."

आलोक माझ्याकडं वळला. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"घंटा मीच काढायला लावली," मी म्हटलं. "संस्थेला मी लिहून दिलं. आणि रूळ भंगारात दिला, तोही मीच."

पोरांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. भामाबाई उठून आत गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. मलाही दिला.

चहा झाल्यावर आलोकनं कोपऱ्यातली बादली पालथी घातली. राघवेंद्रानं पितळी ताट मागून घेतलं. आनंदराज खाटेच्या दांडीशी बसला, नागप्पा भिंतीला टेकला. कुणी कुणाला इशारा केला नाही. पहिल्या टोल्याची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि मग चौघांनी एकामागून एक उचललं. पुन्हा मोकळी जागा, पुन्हा चौघं. शेजारची बायामाणसं दारात येऊन उभी राहिली. मला ते ऐकवेना. इतकं नेटकं चाललेलं, आणि दर फेरीला तेवढं एक भोक. चौथ्या की पाचव्या फेरीला माझा हात आपसूक उठला, रिकाम्या कपावर चमचा मारायला.

भामाबाईनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, सर. ती त्येंची जागा हाय."

मी चमचा बशीत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. पोरं वाजवत राहिली. ती जागा आली की चौघंही थांबत होते.