हातावरचं मीठ

मारुंजीत भिवाजींची बारा खोल्यांची इमारत उभी आहे, तिथं अकरा वर्षांपूर्वी गोठा होता. तळमजल्यावर आता भाडेकरूंच्या दुचाक्या लागतात. गव्हाणीच्या जागी पाण्याची मोटर आहे. ती चालू करायला भिवाजी रोज सकाळी खाली येतात आणि आत शिरताना अजूनही वाकतात. गोठ्याचं दार बुटकं होतं.

सात नंबरच्या खोलीतली मृण्मयी अकोल्याची. हिंजवडीत गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती आवाजांचं काम करते.

"गेम म्हंजी पत्त्याचा का?" भिवाजींनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही हो काका. एका काल्पनिक राज्याचा. चेटकिणी, राक्षस, सगळं आहे. पण राज्य दिसायला तुमच्या मावळासारखं. भाताची खाचरं, कारवीच्या कुडाची घरं, डोंगर. म्हणून आवाजही इथलेच हवेत."

भिवाजींच्या पत्नी रत्नाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "ह्यांनी गुरांना मारलेली हाक पार जांबे गावापतुर जायची."

झालं. मृण्मयी महिनाभर मागे लागली. गल्लीत हाक मारायला भिवाजी तयार होईनात. "लोक म्हनतील, घरमालकाला झपाटलं." शेवटी एका रविवारी सकाळी दोघं टेकडीवर गेली. पहिल्या दोन वेळा आवाज फाटला. तिसऱ्यांदा लागला. "येऽऽ हो, चांदेऽऽ, येऽऽऽ!" खालच्या सोसायटीचा वॉचमन खुर्चीवरून उठून वर बघू लागला. मृण्मयीनं रेकॉर्डर बंद केला, तेव्हा तिच्या हातावर काटा आला होता.

एक गोष्ट भिवाजींनी तिला सांगितली नाही. हाकेला एक नियम होता, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. हाक मारली की हातावर मीठ पाहिजे. जनावर आलं आणि हात रिकामा निघाला, तर ती खोटी हाक. संध्याकाळी भिवाजी बांधावरून हाक मारत आणि रत्नाबाई मुठीत खडेमीठ घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या राहत.

गोठा पाडायचा ठरला, तेव्हा पौडकडच्या एका माणसानं गाई घेतल्या. तीन गाई निमूट टेम्पोत चढल्या. चौथीनं, चांदीनं, पुढचे पाय रोवले. चार गड्यांना हलेना. भिवाजींनी बायकोकडं मीठ मागितलं. "खोट्या हाकेला माजं मीठ न्हाई," म्हणून रत्नाबाई आत गेल्या. भिवाजी टेम्पोत चढले आणि रिकाम्या हातानं हाक मारली. चांदी आली. त्यानंतर त्यांनी हाक मारली ती थेट टेकडीवर. त्या दिवसाबद्दल नवराबायको कधी बोलले नाहीत.

टेकडीवरच्या त्या रविवारनंतर दोन महिन्यांनी मृण्मयी लॅपटॉप घेऊन खाली आली आणि मोटरीशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो ठेवला. पडद्यावर डोंगर होते, उतारावर शिंगांची पांढरी जनावरं चरत होती. खडकावरच्या चेटकिणीनं हात वर केला आणि तिच्या तोंडून भिवाजींचा आवाज निघाला. जनावरांनी माना उचलल्या आणि ती धावत चेटकिणीकडं आली. वरून पिंजरा पडला.

"कसलं भारी झालंय ना काका? आमचा स्वानंद, गेमचा प्रमुख, तो म्हणाला, असा आवाज स्टुडिओत मिळालाच नसता."

"परत लाव."

तिनं लावलं. पिंजरा पुन्हा पडला.

"हे तुला कुनी सांगितलं? आमच्या म्हातारीनं?"

"काय सांगितलं?"

भिवाजींनी तिच्याकडं निरखून पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "माजा आवाज काढून टाक."

"काका, शुक्रवारी गेम दाखवायचाय. सहा महिन्यांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे हे."

मग भिवाजींनी सांगितलं. मीठ, टेम्पो, चांदी, सगळं. तिच्याकडं न बघता, मोटरीकडं बघत. मृण्मयीनं समजूत घातली नाही. तिनं वही काढली. "मीठ नसलं तर जनावर काय करतं?"

"हुबं ऱ्हातं. हाताकडं बघतं. मग जातं. दुसऱ्या दिवशी हाकेला येत न्हाई."

तिनं तिथूनच स्वानंदला फोन लावला आणि चेटकिणीचा आवाज बदलायचाय म्हणून सांगितलं. पलीकडचा चढा आवाज भिवाजींनाही ऐकू आला. चार दिवस राहिलेत, खेळणाऱ्याला काय कळणार आहे?

"खेळणाऱ्याला नाही कळणार," ती म्हणाली. "पण ज्यांच्याकडून आणलं त्यांना कळलंय. त्यांनी दिलं नाही, तर मी वापरणार नाही."

गुरुवारी दुपारी ती परत आली. तीन दिवस नीट झोपली नसावी. चेटकीण आता हाकेऐवजी शिंग फुंकत होती. खेळणाऱ्यानं पिंजरा फोडला की जनावरं रानोमाळ पांगत आणि घोंगडीवाला एक गुराखी त्यांना हाक मारून घरी आणत असे. "हा गुराखी म्हणजे तुम्ही. हे बटण दाबा."

भिवाजींनी अंगठा टेकवला. आवाज मोठा ठेवलेला होता. "येऽऽ हो, चांदेऽऽ, येऽऽऽ!" दुचाक्यांमधून घुमत हाक गल्लीपर्यंत गेली. एक पांढरं जनावर उतार उतरून आलं, गुराख्यासमोर थांबलं आणि त्याच्या हाताकडं बघू लागलं. हात रिकामा होता.

"गेममध्ये मीठ आधी गोळा करायचं असतं. थांबा, पुन्हा—"

मृण्मयी बोलता बोलता थांबली. रत्नाबाई वरून लगबगीनं आल्या होत्या, जुन्या दाराच्या जागी वाकून. उजवी मूठ मिटलेली.

"अवो, कुनाला हाका मारताय?" मग त्यांना लॅपटॉप दिसला. त्यांनी मुठीकडं पाहिलं आणि ओशाळल्या. "मेली सवय."

भिवाजींनी तळहात पुढं केला. रत्नाबाई त्या हाताकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मूठ उघडली. खडेमीठ भिवाजींच्या हातावर पडलं.

"दूध उतू जाईल माजं," म्हणत त्या वर गेल्या.

भिवाजींनी मूठ मिटली. पडद्यावर जनावर जायला वळत होतं.

"पोरी," ते म्हणाले, "परत लाव."