बीड, १९३२

हा तवा लिहून ठेवायचा की नाही, यात सिद्धेशचे दोन दिवस गेले. मोबाईलमध्ये त्याची यादी आहे. आत्तापर्यंत पारखलेले एकसष्ट जुने बिडाचे तवे, प्रत्येकापुढे एकच शब्द: खरा किंवा खोटा. बासष्टावा दोस्ताचा निघाला, तिथे घोडं अडलं. नाहीच लिहायचं म्हणत म्हणत शेवटी लिहिलं.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. भांडुपच्या भंगारवाल्यांकडे तवे उलटेपालटे करून शिकला. लोक तव्याचं तोंड बघतात, सिद्धेश पाठ बघतो. पाठीला नटता येत नाही, असं त्याचं मत.

शनिवारी सकाळी प्रितम पेपरात गुंडाळलेला तवा घेऊन आला. बसायच्या आधीच म्हणाला, "बघ आणि खरा म्हण."

"बघायच्या आधी म्हणू की नंतर?"

"मस्करी नको यार. उद्या मुलुंडला न्यायचाय. जान्हवीच्या आजीला."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या रविवारी प्रितम जान्हवीच्या घरी लग्नाचं विचारायला गेला होता. छाप पडावी म्हणून स्वतःहून भांडी घासायला घेतली. जानकीआजीचा घावनांचा तवा, तिच्या सासूच्या वेळचा, हातातून सटकला. दोन तुकडे.

"लोखंड फुटतं हे मला काय माहीत?"

"आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, 'असांदे. बीडच ता, फुटतलाच.' मी म्हटलं, आजी, मी पण बीडचाच! आमच्या जिल्ह्यातला अस्सल जुना तवा आणून देतो. ती नुसती बघतच राहिली."

सिद्धेशने चहा कसाबसा गिळला. "गाढवा, बीड म्हणजे ओतीव लोखंड. तुझ्या जिल्ह्याचा काय संबंध?"

"असं? मग हे काय?"

प्रितमने तवा उलटा केला. पाठीवर ठसठशीत अक्षरं उठलेली: बीड, १९३२.

सिद्धेशने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. ठक्क. पत्रा नव्हता, बीडच होतं. ओला रुमाल फिरवला, वास घेतला. बूट पॉलिश. काठावर ग्राइंडरच्या ताज्या रेघा. गंज सगळीकडे सारखा, मिठाच्या पाण्यात बुडवून आणलेला.

"बनवणारा तुझाच भाऊ. बिडाचा म्हणजे बीडचा समजला आणि गावाचं नाव टाकून मोकळा झाला."

"म्हणजे खोटा?"

"तवा खरा आहे. वय खोटं."

प्रितम थोडा वेळ पेपराची घडी घालत बसला. "उद्या चल माझ्याबरोबर. आजीला फक्त 'जुना' म्हण. तू पण तिच्यासारखा मालवणचा, तुझं ऐकेल ती. आजी नाही म्हणाली तर जान्हवी तिच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. एक शब्द, सिद्ध्या."

"नाही जमणार."

"एका शब्दाने तुझं काय जातंय?"

"तुझंच जाईल. जन्म गेलाय तिचा घावनं काढण्यात. हातात घेतल्या घेतल्या कळेल तिला. तवा फोडणारा चालून जाईल रे, वर खोटं बोलणारा नाही चालणार. सरळ सांग, शोधायला गेलो आणि फसलो."

"वाट लागणार माझी."

"लागेल तर लागेल. आधी हे पॉलिश उतरव. म्हातारीला बूट खायला घालशील."

दोघं मोरीत बसून विटेच्या भुग्याने तवा घासायला लागले. काळं पाणी संपता संपेना. अर्ध्या तासाने खालून कोवळं करडं बीड निघालं. प्रितमने अक्षरांवर बोट फिरवलं. "हे कसं घालवायचं?"

"राहू दे. दाखव तिला. हसली तर बरंच आहे."

"आणि नाही हसली तर?"

सिद्धेशने हात धुतले. "उद्या मी येतो. नवा तवा आहे, पहिलं घावन चिकटणार. ते मी खाईन. चांगलं झालंय म्हणणार नाही, पण दुसरं मागून घेईन. शब्द देतो."