मी, पुंडलिकरावांच्या अंगणातला टॉवर

मित्रांनो, दिग्रसला एसटीतून उतरून कापसाच्या बाजाराकडे चालू लागलात, की डाव्या हाताला घरांच्या वर एक उंच लोखंडी सांगाडा दिसतो. तोच मी. मोबाइलचा जुना टॉवर. माझ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या आता गुलाबी आणि मळकट दिसतात, सांध्यांत गंज चढलाय, पण उभा मात्र ताठ आहे. तुमच्या घरात फोन वाजतो तो माझ्यामुळे, हे तुमच्या कधी ध्यानात येत नाही. फोन लागला नाही की मात्र सगळ्यात आधी माझाच उद्धार होतो. असो. गाऱ्हाणं सांगत बसायला मी काही मोकळा नाही.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून तुकड्या-तुकड्यांनी आलो आणि पुंडलिकरावांच्या अंगणाच्या कोपऱ्यात मला नट-बोल्ट आवळून उभं केलं. पुंडलिकराव कापूस-तुरीचे शेतकरी, मिशा जाड, आवाज त्याहून जाड. मी उभा राहिलो त्या दिवशी त्यांनी स्वतः नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या पायाशी ठेवला. पाहुणा आला की आधी त्याला माझ्याकडे आणायचे, मग चहा. तेव्हा माझ्याकडं नुसतं बोलणं चालायचं. पुसदला लेक पोचली का, जिनिंगमध्ये कापसाची गाडी रिकामी झाली का, एवढंच. तेवढ्यावर लोक खूश होते आणि मीही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घरात नात झाली. तिचं नाव नयन. दीड-दोन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळेना. थाळी पडली तरी दचकेना. मग सून विमलताई तिला यवतमाळला दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरीला जन्मापासूनच ऐकू येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवसापासून पुंडलिकरावांनी माझ्याकडं बघणं सोडलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. अंगणात माझ्याकडं पाठ करून खाट टाकायचे. पाहुणा आला की त्याला सरळ घरात न्यायचे. आणि आणखी एक गोष्ट मी वरून बघत होतो, तिचं मला फार वाईट वाटायचं. नात अंगणात खेळायला आली, की आजोबा उठून शेतावर निघून जायचे.

नयन सहा वर्षांची झाल्यावर यवतमाळच्या कर्णबधिरांच्या शाळेत गेली, वसतिगृहात राहिली. तिथं ती हातांची भाषा शिकली. विमलताईही पालकांच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकल्या. पण हातांची भाषा साध्या फोनवरून कशी बोलणार? माय-लेकींना भेटीसाठी सुट्टीची वाट पाहावी लागे. मग एका वर्षी माझ्या अंगावर नवी यंत्रं चढली. फोर-जी आलं. त्या संध्याकाळी विमलताईंनी पडवीत फोन खुर्चीला टेकवून ठेवला, समोर बसल्या, आणि यवतमाळला बसलेल्या लेकीशी अर्धा तास हातांनी बोलल्या. बोलता बोलता डोळे पुसायलाही त्यांचे हात रिकामे नव्हते. माझ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान दुसऱ्या कुठल्या दिवशी वाटला नाही. पुंडलिकराव तेव्हाही पाठ करूनच बसले होते.

आता नयन बारावी होऊन घरी आली आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या शाळेतल्या विजयमालाबाईंनी तिला एक काम दिलं. डोंगराकडच्या एका बंजारा तांड्यावर राखी नावाची साडेचार वर्षांची मुलगी आहे, तिलाही ऐकू येत नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी, बिजलीबाई. "शाळेत जायला अजून वेळ आहे," बाईंनी नयनला लिहून कळवलं, "पण भाषा आत्ताच यायला हवी. हे वय गेलं तर फार जड जातं. रोज अर्धा तास तिला शिकव."

राखीकडं एकही शब्द नव्हता, मित्रांनो. भूक लागली तर आजीला चुलीकडं ओढायची. बाकी मनात काय आहे ते सांगायची सोयच नाही. रडली, की आजीनं अंदाज करायचा, पोट दुखतंय की काटा रुतलाय.

रोज सकाळी दहाला शिकवणी सुरू झाली. नयन पडवीत उन्हाच्या बाजूला तोंड करून बसायची, म्हणजे हात स्वच्छ दिसतील. तिकडं बिजलीबाई फोन धरायच्या. पंधरा दिवसांत राखीला पाणी, भाकर, बकरी, ये, जा एवढं आलं. नाकाच्या कडेला बोट टेकवलं की आई, हेही आलं.

आणि मग कापसाचा हंगाम भरात आला.

तुम्ही दिग्रसचे नसाल तर तुम्हाला कल्पना यायची नाही. पहाट झाली की बाजारापासून माझ्यापर्यंत गाड्यांची रांग. गाडीवाले, मालक, हमाल, व्यापारी. नंबर लागायला चार-चार तास. तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय? प्रत्येक जण फोन काढतो आणि व्हिडिओ बघत बसतो. त्यांचाही दोष नाही, कापसावर बसून वेळ जात नाही. पण एका नळावर सगळ्या वस्तीनं घागरी लावल्या तर धार कुणाला मिळणार? माझी तशी गत झाली. सकाळी नऊ ते दुपारपर्यंत माझा श्वास कोंडायचा. गंमत बघा, त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या लोकांनी दोन अर्ज दिले. एकात लिहिलं होतं, नेटवर्क मिळत नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं, टॉवर इथून हलवा. दोन्हींवर सह्या त्याच.

तांड्याकडचा टॉवर धाकटा असला तरी मोकळा होता. अडत होतं माझ्याकडंच. नयन इकडं हात हलवायची आणि तिकडं तिचं चित्र मध्येच थिजायचं. राखीला काय कळणार नेटवर्क म्हणजे काय? पहिल्यांदा तिनं पडद्यावर चापट मारली. मग ताई कुठं गेली ते बघायला फोनच्या मागं जाऊन आली. असं रोज व्हायला लागलं. आठव्या दिवशी फोन काढल्याबरोबर ती खाटेखाली जाऊन बसली.

बिजलीबाईंनी विमलताईंना साधा फोन केला. "ताई, पोरगी फोन पाहूनच पळते. तिले वाटते, ते दीदी रुसली. आता मी कायले जबरदस्ती करू? राहू द्या."

विमलताईंनी ते नयनला हातांनी सांगितलं. नयन त्या दिवशी जेवली नाही.

इलाज नव्हता असं नाही. कंपनीचा संघदीप गेली कित्येक वर्षं माझ्यावर पट्टा बांधून चढतो, माझा एकेक बोल्ट त्याला ठाऊक. तोच एका सकाळी आला आणि पुंडलिकरावांपुढं बसला.

"काकाजी, नवीन यंत्रं बसवाचे आहेत. अन् आतालोक इथून सगळं हवेतून जाते, ती वाट लहान पडते. जमिनीतून केबल आणू. तुमच्या अंगणातून एक नाली खोदा लागते. तुम्ही हो म्हणा फक्त."

"नाई," पुंडलिकराव म्हणाले.

"काहून जी? सगळ्या बाजाराची सोय होते."

"मले बाजाराचं नको सांगू." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ह्या टॉवरनं माह्या नातीचे कान खाल्ले. मीच जागा देल्ली, मीच नारळ फोडला. आता याले अजून जोर देऊ?"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला माझा गुन्हा कळला. विमलताई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मामाजी, डॉक्टरनं सांगतलं नव्हतं का? ते पोटातूनच तसं होतं. टॉवरचा काई संबंध नाई."

"डॉक्टर काईबी सांगते."

नयनला शब्द ऐकू आले नव्हते, पण तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले. काय झालं, म्हणून तिनं हातांनी आईला विचारलं. विमलताई सांगेनात. तिनं पुन्हा विचारलं. मग विमलताईंनी सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता. नयननं आपल्या फोनवर काहीतरी लिहिलं आणि तो आजोबांच्या हातात दिला.

पुंडलिकरावांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. "तुम्ही टॉवरवर रुसला होता? मला वाटायचं, माझ्यावर."

तिला काही सांगावं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण सांगणार कसं? अठरा वर्षांत एक खूण शिकले नव्हते. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला, संघदीपला उठून जावं की बसावं ते कळेना.

"खोद बाबा," पुंडलिकराव म्हणाले. "उद्याच खोद."

पाच दिवस काम चाललं. माझी जुनी यंत्रं दोरानं खाली उतरली. वर्षानुवर्षं ऊन-वारा आम्ही मिळून सोसला होता, त्यांना भंगारच्या गाडीत पडलेलं बघताना मला कसंसंच झालं. एक आख्खा दिवस मी बंद होतो. बाजारात नुसती ओरड. संध्याकाळी मला पुन्हा चालू केलं, आणि काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी रांगेतले सगळे व्हिडिओ बघत होते, तरी माझ्याकडं जागा शिल्लक होती.

पण राखी खाटेखालून निघायला तयार नव्हती. मी कितीही गती दिली तरी तिचा मोडलेला विश्वास मला कुठून आणून देता येणार? नयननं आईकरवी बिजलीबाईंना फोन खाटेजवळ जमिनीवर ठेवायला लावला. तिनं बकरी केली, ये केलं. राखी भिंतीकडं तोंड करून पडलेली. मग पुंडलिकराव आपली खाट उचलून पडवीत आले, नातीच्या शेजारी बसले आणि फोनपुढं तोंड नेऊन त्यांनी मिशा वरखाली हलवल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा राखीनं मान वळवली. थोड्या वेळानं ती कोपरांवर सरपटत बाहेर आली आणि पडद्यावरच्या मिशीला तिनं बोट लावलं. चित्र थिजलं नाही.

तेव्हापासून नयनचे विद्यार्थी दोन झाले. एक साडेचार वर्षांची आणि एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हाताऱ्यांची बोटं कापूस वेचून आणि कासरे ओढून ताठ झालेली, ती वळायची नाहीत. ते चुकले की राखी हसून लोळायची. त्यांनाही राग यायचा नाही. संध्याकाळी ते अंगणात माझ्याकडं तोंड करून बसायचे आणि बोटं मोडत तेच धडे गिरवायचे.

मग फेब्रुवारीतली ती सकाळ. नयन रंगांची नावं शिकवत होती. राखीचं लक्षच नव्हतं. एकाएकी तिनं नाकाच्या कडेला बोट टेकवलं, मग हात लांब करून तांड्याबाहेरच्या रस्त्याकडं दाखवलं, मग 'ये' केलं आणि दोन्ही तळवे उघडून थांबली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार शब्द तिनं स्वतः जोडले होते.

नयनचे हात मांडीवर पडले. विमलताई आत स्वयंपाकात होत्या. पलीकडं बिजलीबाई विचारत होत्या, "काय म्हणते वो? काय पाह्यजे तिले?" नयनला ते ऐकू येणार नव्हतं.

पुंडलिकराव फोनजवळ सरकले. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा जाड आवाज फुटला, "पोरगी इचारून राह्यली, माय कवा येईन?"



"म्हणून होय," बिजलीबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले भाऊ, रोज दिवस बुडतानी रस्त्यावर जाऊन बसते. मी मारून घरात आणली तिले. मले वाटे, नुसता हट्ट करते. सांगा तिले, याडी, माय तिची, येते. होळीले येते."

पुंडलिकरावांनी नातीकडं वळून हातांनी सांगायचा प्रयत्न केला. आई आलं, ये आलं, होळी काही येईना. मग त्यांनी आपल्या दोन्ही गालांवर रंग फासल्यासारखे तळवे फिरवले. नयन समजली. तिनं राखीला तेच करून दाखवलं, आई, ये, आणि गालांवर रंग. राखीनं एकदा नीट बघितलं. मग स्वतःच्या गालांवर हात फिरवत ती दाराबाहेर पळाली. त्या दिवशी तांड्यात तिनं प्रत्येक घरी जाऊन गाल चोळून दाखवले, असं बिजलीबाईंनी नंतर सांगितलं.

मित्रांनो, आज ना उद्या मलाही भंगारच्या गाडीत चढवतील आणि माझ्या जागी कुणी अधिक चपळ उभा राहील. त्याची गती माझ्याहून किती तरी जास्त असेल. त्याला जमेल तेव्हा रंग लावा, त्याच्या तारा तोडू नका, नेटवर्क गेलं तर शिव्या जरा बेतानं द्या. आणि तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कुणी हातांनी बोलणारं असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा आणि चार खुणा शिकून घ्या. पुंडलिकरावांना परवा नयननं विचारलं, एवढी मेहनत घेऊन सगळ्यात आधी तुम्हाला मला काय सांगायचं आहे? त्यांनी बोटं जुळवली, ती चुकली, पुन्हा जुळवली. "उशीर झाला," ते हातांनी म्हणाले. तुम्ही एवढा उशीर लावू नका.