चालत्या यंत्राची पूजा

खंडेनवमीला यंत्रं बंद म्हणजे बंद! बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात बत्तीस वर्षं खंडेराव मिस्त्रींनी हा नेम पाळला होता. सकाळी मेन स्विच खाली, मग हार, कुंकू, कापूर, आरती. त्यात मालकाचीही लुडबुड चालायची नाही. आणि यंदा ही कालची पोर आडवी आली!

प्रतीक्षा तिथल्या प्रयोगशाळेत होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे साबुदाण्याएवढे मणी तिने बनवले होते. मणी पत्र्याच्या पेटीत, पेटीला पंखा. मणी भरले की तापवून रिकामे करायचे, पुन्हा भरायचे. सलग शंभर तास चाललं तर पुण्याच्या मुख्य कचेरीतले साहेब काम पुढे नेणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. शंभरावा तास आज दुपारी बाराला भरत होता.

"काका, पेटी थांबली तर चार दिवसांची मेहनत पाण्यात जाईल हो!" तिचे डोळे भरून आले.

खंडेराव विरघळले, पण कबूल कोण करतो! "चालत्या यंत्राची पूजा कुठं असती का?" असं पुटपुटत त्यांनी मेन स्विच चालूच ठेवून, पेटी सोडून बाकीचं एकेक यंत्र बंद केलं आणि आरतीचं ताट घेऊन पेटीसमोर आले.

नवलाईची पेटी बघायला अख्खा कारखाना लोटला. चाळीस माणसं, मूठभर कापूर, वर खणखणीत आरती. पेटीच्या मीटरवर आत शिरणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चारशेवीसवरून आठशे, बाराशे, दीड हजार!

"अहो, लांब व्हा! श्वास सोडू नका!" प्रतीक्षा किंचाळली.

"मंग आरती कशी बोलायची?" झाडलोट करणाऱ्या कमळीने विचारलं. सगळे खो खो हसले.

खंडेरावांनी मात्र ताट खाली ठेवलं. आपल्या हट्टापायी पोरीचं वाटोळं झालं! त्यांनी घाबरत बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा पाहिला. चाळीस. पुन्हा पाहिला, सकाळसारखाच चाळीस.

"हा अडकलाय का गं?"

प्रतीक्षा वाकून बघतच राहिली. "अडकला नाही, काका. मण्यांनी सगळं गिळलं!"

बाराला पुण्याहून फोन आला. "साडेदहाला आलेखात हा डोंगर कसला?"

"आरती होती, सर," ती चाचरत म्हणाली.

पलीकडे साहेब मोठ्याने हसले. "एवढी कडक परीक्षा आम्ही घेतलीच नसती. पास! लागा पुढच्या कामाला."

प्रतीक्षा खंडेरावांच्या पाया पडायला वाकली. म्हाताऱ्याला रडूच फुटत होतं, म्हणून तो सगळ्यांवर ओरडला, "बघत काय बसलाय? या जवळ, अजून एक आरती होऊ द्या. आणि मोठ्यानं म्हणा, पोटभर खाऊ दे पेटीला!"